बॅटमॅनला मोठं कुणी केलं

बॅटमॅनच्या अगदी पहिल्या गोष्टी वाचल्या की त्यातला माणूस ओळखीचा वाटत नाही. १९३९च्या मे महिन्यात ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७व्या अंकात तो पहिल्यांदा आला. त्या गोष्टीत त्याच्या ठोशानं एक गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडतो, आणि हा वरून बघत म्हणतो, असल्यांचा शेवट असाच व्हायचा. पुढच्या काही अंकांत त्याच्या हातात पिस्तूलही आहे. डोळ्यांदेखत आईबापांचा खून झालेलं पोर मोठं होऊन असं झालं, ही त्याची कहाणी ३३व्या अंकात दोन पानांत उरकलेली आहे. रात्र आहे, सूड आहे, उंच इमारती आहेत, पण या माणसाला कुणाशी दोन शब्द बोलायचे नसतात. बोललाच तर मरणाऱ्याशी बोलतो.

लेखक बिल फिंगर यांची अडचण नेमकी हीच होती. नायक हुशार आहे, तर्क लढवतो, पण तो तर्क सांगणार कुणाला? शेरलॉक होम्सजवळ वॉटसन होता. मग चित्रकार बॉब केन आणि जेरी रॉबिन्सन यांच्यासोबत बसून फिंगर यांनी एक पोरगा घडवला. १९४०च्या एप्रिलमध्ये ३८व्या अंकाच्या मुखपृष्ठावर बॅटमॅननं सर्कशीतली कागदी कडी धरली आहे आणि ती फाडून लाल-हिरव्या-पिवळ्या कपड्यांतला रॉबिन थेट वाचकाच्या अंगावर झेप घेतोय. सर्कशीतल्या झुल्यावर कसरत करणाऱ्या ग्रेसन कुटुंबातला हा डिक. खंडणी दिली नाही म्हणून गुंडांनी दोर खराब केले आणि त्याचे आईबाप त्याच्यासमोर खाली कोसळले. विष्णुपंत छत्र्यांपासून म्हैसाळच्या देवलांपर्यंत सर्कशी काढणारी माणसं आमच्याच भागातली, त्यामुळे झुल्यावरचं पोर मला कधी परकं वाटलं नाही.

फिंगर यांना हवा होता संवादासाठी एक कान. मिळालं मात्र भलतंच काही. त्याच वर्षी संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी दंडक घातला की बॅटमॅननं बंदूक वापरायची नाही आणि कुणाचा जीव घ्यायचा नाही. कारण धंद्याचंही होतं, मुलं वाचत होती. पण गोष्टीच्या आतून बघितलं तर हा दंडक पटतो तो रॉबिनमुळेच. शेजारी शाळकरी पोर उभं असताना माणसाला ॲसिडच्या टाकीत कसं ढकलणार? ढकललं तर त्या पोराला घरी नेऊन जेवायला काय तोंडानं वाढणार? डिकनं मेणबत्तीच्या उजेडात हात वर करून न्यायाची शपथ घेतली, पण त्या शपथेनं खरा बांधला गेला तो त्याला शपथ देणारा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. ते मी तालमीच्या दारात शिकले.

माझा मामा कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका तालमीत होता. त्याचं नाव खासबागेतल्या कुठल्या मैदानाच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात कधी छापलं गेलं नाही. तो होता जोडीदार. मोठी कुस्ती ठरलेल्या पैलवानांना रोज पहाटे सरावाला कुणीतरी लागतं. जो पडेल, उठेल, पुन्हा भिडेल, एकच डाव पन्नास वेळा अंगावर घेईल आणि कुरकुर करणार नाही असा. मामा आधी तसा बारका पोरगा होता, पुढे तसाच मोठा झाला. मी लहान असताना आजीनं दिलेला डबा घेऊन तालमीच्या दाराशी थांबायची. मुलींनी आत जायचं नाही असा तेव्हाचा रिवाज. पण दारातून हौदा दिसायचा. ताक, तेल, लिंबू, हळद घातलेल्या त्या लाल मातीचा ओला वास बाहेरपर्यंत यायचा. आत एक धिप्पाड पैलवान आणि त्याच्या निम्म्या वजनाचं पोरगं लढत असायचं, आणि कडेला बसलेले वस्ताद एकच वाक्य परत परत म्हणायचे, “खेळव त्याला. दाबू नको. खेळव.”

मला वाटायचं, हे पोराला सांभाळायला सांगतायत. पुढे एकदा गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर काढलेल्या म्हशीच्या दुधाचा पेला हातात धरून मामानं मला समजावलं. “ताकद खुराकानं येती पोरी. जोर-बैठकांनी येती. वस्ताद ताकद देत न्हाई, वस्ताद ती आवरायला शिकवतो. आनि ते बारक्या पोरासंगं लढल्याबिगर येत न्हाई. तोडीस तोड गडी असला की सगळी ताकद लावायचीच असती, त्यात काय शिकायचं?”

बॅटमॅन रॉबिनकडून काय शिकला हे याहून नेमकं मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पोराला वाचवणं, त्याला घडवणं हा भाग दिसतो आणि त्याबद्दल सगळे बोलतात. पण त्या पोराच्या सोबतीनं मोठ्याचा हात कसा हलका होतो, नजर कशी बदलते, आपल्या रागाला कुणीतरी साक्षी आहे ही जाणीव कशी आत मुरते, त्याबद्दल कमी बोललं जातं. मला तर वाटतं, सुपरहिरोच्या वाढीची सगळी गोष्ट तिथेच आहे. शक्ती त्याला पहिल्या अंकातच मिळालेली असते. उरलेल्या अंकांत त्याचं जे काही होतं ते साथीदारामुळे होतं.

अर्थात सगळे साथीदार असे नसतात, आणि आमच्या वाट्याला आधी जे आले ते तर नव्हतेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत पेठेतल्या एका दुकानात भाड्यानं कॉमिक्स मिळायची. तिथे बॅटमॅन क्वचित. तिथे राज्य होतं इंद्रजाल कॉमिक्सचं. टाइम्स समूहानं १९६४ साली सुरू केलेली ही मालिका मराठीतही यायची, आणि वेताळ (मूळचा फँटम), जादूगार मँड्रेक आम्हाला मराठीच वाटायचे. दोघेही ली फॉक यांची निर्मिती. मँड्रेक १९३४चा, वेताळ १९३६चा. मँड्रेकबरोबर लोथार. हा आफ्रिकेतला युवराज, जगातला सर्वांत ताकदवान माणूस, राज्य सोडून एका जादूगाराच्या मागे हिंडतो. सुरुवातीच्या वर्षांत त्याच्या अंगावर बिबट्याचं कातडं, डोक्यावर फेझ टोपी, आणि तोंडी मोडकीतोडकी भाषा. युवराज असून मालकापुढे वाकलेला.

तो लोथार मला बघवत नाही. आम्ही काळ्या-सावळ्या पोरी-पोरं वाचत होतो, आणि त्या चौकटींत आमच्यासारखा दिसणारा जो होता तो ओझी उचलत होता. १९६५मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स चित्रं काढायला आले आणि लोथार सरळ बोलायला लागला, नीट कपडे घालायला लागला, मित्र म्हणून शेजारी उभा राहिला. आणि गंमत अशी की त्याबरोबर मँड्रेकही बदलला. नोकर बाळगणारा मँड्रेक एक छाप टाकणारा जादूगार होता, एवढंच. मित्राचा सल्ला घेणारा, कधी त्याच्यावर विसंबणारा मँड्रेक मात्र माणूस वाटतो. नायकाची उंची त्याच्या शेजारी कोण उभं आहे आणि कसं उभं आहे यावर ठरते, हे त्या दोन काळांतली चित्रं शेजारी ठेवली की लगेच दिसतं.

वेताळाचं थोडं वेगळं. तो एकविसावा. बापानंतर मुलगा, कवटीवर हात ठेवून तीच शपथ, तोच पोशाख, म्हणून जंगलाला तो अमर वाटतो. वारसा ही कल्पना फॉक यांनी फार सुंदर रचली. पण गुरन? बालपणापासूनचा सखा, जंगलातल्या बांडार जमातीचा प्रमुख, सगळी गुपितं ठाऊक असलेला माणूस. त्याच्या मनात काय चालतं हे कळायला त्या गोष्टींत जागाच नाही. वेताळाच्या पिढ्या बदलतात, गुरन गुरनच राहतो. म्हणून मला वेताळ आवडतो, पण तो वाढला असं मला म्हणता येत नाही. चाचा चौधरींचंही तेच, जरी तिथे कारण निराळं आहे. प्राण यांनी तिथे मांडणीच उलटी केली, ताकद साथीदाराला दिली आणि नायकाला पगडी, काठी आणि मेंदू. गुरू ग्रहावरून आलेल्या साबूला राग आला की कुठेतरी ज्वालामुखी फुटतो. घरातल्यासारखी ती माणसं, त्यांनी बदलावं असं कुणालाच वाटत नाही.

बदल हवा असेल तर साथीदाराला वय हवं. इथे रॉबिन सगळ्यांच्या पुढे आहे.

त्याच्या यशानंतर १९४१पर्यंत बऱ्याच नायकांनी पोरगे साथीदार घेतले. कॅप्टन अमेरिकाजवळ बकी, ग्रीन ॲरोजवळ स्पीडी, ह्यूमन टॉर्चजवळ टोरो. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिक्सनी मुलं बिघडतात असा आरोप केला, बॅटमॅन-रॉबिनच्या घरावरही बोट ठेवलं, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. त्या दशकातल्या गोष्टी मला वाचवत नाहीत. रॉबिन तिथे वर्षानुवर्षं तेवढाच राहिला.

मग १९६९च्या डिसेंबरात, ‘बॅटमॅन’च्या २१७व्या अंकात, डिक कॉलेजला निघतो. बस एवढंच घडतं. कुणी मरत नाही, स्फोट होत नाही. पोरगा सामान बांधून शिकायला जातो. आणि ब्रूस वेनला, म्हणजे मुखवट्यामागच्या बॅटमॅनला, तो वाडा खायला उठतो. तो वाडा बंद करतो, घरचा जुना नोकर आल्फ्रेड याला घेऊन शहराच्या मध्यावर राहायला जातो. माझ्या मते बॅटमॅनच्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी अंक आहे, कारण इथे पहिल्यांदा कबूल केलं गेलं की या गोष्टीत वर्षं जातात. नायक मुखवट्यामागे तसाच राहू शकतो, पण पोराच्या मिसरुडापुढे कुणाचं चालत नाही. यानंतर डेनिस ओनील आणि नील ॲडम्स यांनी जो गंभीर, एकटा, रात्रीचा बॅटमॅन उभा केला आणि जो आज सगळ्यांना खरा वाटतो, त्याच्या एकटेपणाला कारण आहे. १९३९चा एकटा आणि १९७०चा एकटा यांत हा फरक आहे. पहिल्याला कुणी नव्हतं. दुसऱ्याचं कुणीतरी दूर गेलेलं आहे.

ग्रीन ॲरोचं उदाहरण मला याहून जिव्हारी लागतं. ग्रीन ॲरो म्हणजे ऑलिव्हर क्वीन. तो १९७०च्या सुमारास देशभर हिंडत होता, गरिबांसाठी, वंचितांसाठी मोठमोठ्यानं बोलत होता. १९७१मध्ये त्याला कळतं की त्याच्याच घरातला रॉय हार्पर, त्याचा स्पीडी, हेरॉइनच्या आहारी गेलाय. जगाची चिंता वाहणाऱ्याला घरातलं पोर दिसलं नाही. आणि कळल्यावर तो काय करतो? हात उचलतो आणि निघून जातो. त्या पोराला रात्रभर सांभाळते ती ऑलिव्हरची मैत्रीण ब्लॅक कॅनरी. रॉय बरा होतो तो स्वतःच्या बळावर, आणि शेवटी ऑलिव्हरला एक ठोसा देऊन आपल्या वाटेनं जातो. त्या ठोशानंतरच मला ग्रीन ॲरो आवडायला लागला. रॉय कोसळला नसता तर तो आयुष्यभर भाषणं देत राहिला असता.

१९८०मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी या तरुण साथीदारांची टोळी नव्यानं बांधली आणि चार वर्षांनी डिकनं रॉबिनचे कपडे उतरवले. तो नाइटविंग झाला. पिवळा झगा नाही, कुणाच्या मागून चालणं नाही. आमच्याकडे एखाद्या पठ्ठ्यानं पहिलं मैदान मारलं की वस्तादाच्या पाया पडतो आणि मग स्वतंत्र जोड ठरवायला लागतो, तशी ती घटका. बाप झालेल्या माणसाला पोराच्या स्वतंत्र होण्याचा अभिमानही वाटतो आणि डंखही बसतो. पुढच्या कित्येक लेखकांनी या एका जखमेवर गोष्टी लिहिल्या आणि बॅटमॅन त्या प्रत्येकीत थोडा जास्त खरा झाला.

आता जेसन टॉडबद्दल लिहायला हवं.

जेसन १९८३ साली आला. सुरुवातीला तोही सर्कशीतलाच, डिकची नक्कल. १९८७मध्ये त्याची कहाणी नव्यानं लिहिली गेली. आता तो रस्त्यावरचा अनाथ. ज्या गल्लीत ब्रूसचे आईबाप मारले गेले, तिथेच उभ्या असलेल्या बॅटमोबाइलची चाकं चोरताना तो सापडतो. केवढं धाडस! बॅटमॅन हसतो आणि त्याला घरी आणतो. पण हे पोर रागीट आहे, उतावळं आहे, आज्ञा ऐकत नाही. वाचकांना तो आवडला नाही. आणि मग प्रकाशकांनी जे केलं ते कॉमिक्सच्या इतिहासात त्याआधी कुणी केलं नव्हतं.

१९८८मध्ये बॅटमॅनचा वैरी जोकर यानं जेसनला लोखंडी पहारीनं मारलं, गोदामात बॉम्ब ठेवला, स्फोट झाला आणि अंक तिथे थांबला. मागच्या बाजूला दोन फोन नंबर छापले होते. एकावर फोन केला की जेसन जगावा असं मत, दुसऱ्यावर केला की मरावा. एका फोनला ५० सेंट. जगावा म्हणणारे ५,२७१. मरावा म्हणणारे ५,३४३. बहात्तर मतांनी एक पोर गेलं. पुढच्या अंकात बॅटमॅन त्याला हातांवर घेऊन ढिगाऱ्यातून बाहेर येतो.

हे आकडे वाचले की मला दर वेळी राग येतो. जेसन कागदावरचा आहे हे मला माहीत आहे. पण ज्यांनी पैसे मोजून त्याला मारलं त्यांनी त्याचा गुन्हा काय धरला? तो पहिल्या रॉबिनसारखा गोड नव्हता. रस्त्यावर वाढलेल्या, बाप गुन्हेगारीत आणि आई नशेत गेलेल्या पोराकडून त्यांना आज्ञाधारकपणा हवा होता. तालमीत अशी पोरं यायची. मामा सांगायचा, त्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो, ती भांडतात, पळून जातात, परत येतात, आणि टिकली तर अशी टिकतात की तालमीचा खांब होतात. जेसनला तो वेळच मिळाला नाही.

बॅटमॅनच्या वाढीच्या दृष्टीनं मात्र ही घटना डोंगराएवढी आहे. त्याच्या गुहेत त्या दिवसापासून काचेच्या पेटीत जेसनचा पोशाख उभा आहे. आईबाप गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता, त्यात त्याचा दोष नव्हता. जेसन गेला तेव्हा तो मोठा होता, जबाबदार होता, पोराला त्यानंच त्या वाटेवर नेलं होतं. पहिल्या दुःखानं त्याला शपथ दिली आणि दुसऱ्यानं त्या शपथेवरच प्रश्नचिन्ह लावलं. आता तो गुन्हेगारांना गरजेपेक्षा जास्त मारतो, स्वतःच्या जिवाची पर्वा करत नाही, पुन्हा १९३९कडे घसरत जातो.

हे ओळखतो कोण? आणखी एक पोरगा. १९८९मध्ये आलेला टिम ड्रेक. लहान असताना आईबापांबरोबर तो ग्रेसनांची सर्कस बघायला गेला होता, त्याच रात्री ते मेले. पुढे त्यानं रॉबिनला हवेत चार कोलांट्या घेताना पाहिलं, आणि हे तर फक्त ग्रेसनच करू शकतात, हे आठवून डिकला आणि डिकवरून ब्रूसला ओळखलं. इतकी वर्षं त्यानं कुणाला सांगितलं नाही. बॅटमॅन बिघडतोय हे दिसल्यावरच तो पुढे आला, आणि त्याचं म्हणणं असं की बॅटमॅनला रॉबिन लागतो. मला रॉबिन व्हायचंय असं तो आधी म्हणतच नाही, तो डिकला परत जा म्हणून विनवतो. डिक तयार होत नाही, दुसरा कुणी नाही, म्हणून तो कपडे चढवतो. वाचकाच्या जागी बसलेलं पोर उठून गोष्टीत शिरतं आणि नायकाला सावरतं. एका वर्षापूर्वी वाचकांनी फोन फिरवून जे तोडलं होतं, ते एका वाचणाऱ्या, निरखणाऱ्या पोरानंच जोडलं. लेखक मार्व्ह वुल्फमन यांचं मला फार कौतुक वाटतं ते यासाठी.

साथीदार नकोच म्हणणारेही होते. मार्व्हल कॉमिक्सचे लेखक-संपादक स्टॅन ली यांना पोरगे साथीदार अजिबात आवडत नसत. शहाणा माणूस लहान मुलाला गोळीबारात का नेईल, हा त्यांचा प्रश्न खराच आहे. त्यांनी आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२मध्ये त्या पोरालाच नायक केलं आणि स्पायडरमॅन जन्मला. त्याच लींनी १९६४मध्ये कॅप्टन अमेरिकाला बर्फातून बाहेर काढताना सांगितलं की बकी महायुद्धातच गेला. साथीदार नको होता, पण त्याच्या मरणावाचून कॅप्टनला मन देता येईना! पुढची चाळीस वर्षं कॅप्टन त्या दुःखावर उभा आहे. २००५मध्ये एड ब्रुबेकर यांनी बकीला विंटर सोल्जर म्हणून परत आणलं, आठवण पुसलेला मारेकरी करून. गंमत म्हणजे त्याच वर्षी जेसनही रेड हूड होऊन परतला. दोघेही आपल्या नायकांसमोर येऊन उभे राहतात. बकीला काही आठवत नाही, जेसन मात्र विचारतो, मला मारणाऱ्याला तू जिवंत का ठेवलंस? त्या प्रश्नाला बॅटमॅनजवळ उत्तर आहे, पण ते देताना त्याचा आवाज पूर्वीसारखा ठाम राहत नाही.

बार्बरा गॉर्डनला विसरून चालणार नाही. बॅटगर्ल म्हणून ती १९६७च्या जानेवारीत आली. पोलीस आयुक्तांची मुलगी, ग्रंथपाल, हुशार. आमच्या करवीर नगर वाचन मंदिरात, १८५० सालापासून चालू असलेल्या त्या वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटांमधून फिरताना मी तिच्याबद्दल फार विचार करायची. १९८८मध्ये जोकरनं तिला गोळी घातली, तिचे पाय गेले, आणि त्या गोष्टीत तिला दुसरं काही कामच नव्हतं. तिचं दुखणं बाप आणि बॅटमॅन यांच्यासाठी वापरलं गेलं. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या नवरा-बायकोला ते सहन झालं नाही. त्यांनी पुढच्याच वर्षी तिला ओरॅकल म्हणून आणलं. चाकाच्या खुर्चीत बसून, संगणकासमोर, साऱ्या नायकांना माहिती पुरवणारी, ज्यांच्यासाठी ती रडायचं कारण होती त्यांनाच वाट दाखवणारी. साथीदार नायकाच्या वाढीसाठी असतो हे मी मानते, पण त्याला त्यासाठी नुसता मोडून टाकणं हा आळस आहे. ओरॅकलनंतर बॅटमॅनला विचारावं लागतं. तो आदेश देत नाही, तिला फोन लावतो.

आणि मग २००९. ब्रूस वेन मेला असं सगळ्यांना वाटतं आणि डिक ग्रेसन बॅटमॅन होतो. त्याच्याबरोबर रॉबिन म्हणून ब्रूसचा स्वतःचा मुलगा डेमियन, मारेकऱ्यांच्या टोळीत वाढलेला, तुसडा, गर्विष्ठ, दहा वर्षांचा. सगळं उलटं झालंय. बॅटमॅन हसरा आणि रॉबिन काळोखा. डिकला झगा जड वाटतो, लोक त्याची तुलना करतात, पण त्या पोराला कसं खेळवायचं हे त्याला बरोबर समजतं, कारण त्याला तसंच खेळवलं गेलं होतं. ब्रूसनं डिकला काय दिलं हे इतक्या वर्षांत कधी नीट दिसलं नव्हतं. ते डिक डेमियनशी कसा वागतो यात दिसलं.

गणपतराव आंदळकर १९६०चे हिंदकेसरी. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पण कोल्हापुरात आजही त्यांचं नाव निघतं ते मोतीबाग तालमीचे वस्ताद म्हणून आणि त्यांच्या पठ्ठ्यांमुळे. दादू चौगुले हे त्यांतले एक, १९७० आणि १९७१चे महाराष्ट्र केसरी. मग दादूही वस्ताद झाले. गंगावेशीत कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, पैलवानाची ओळख सांगताना तो आधी पदक सांगत नाही, आधी सांगतो, हा अमक्याचा पठ्ठा. आणि वस्तादांबद्दल बोलताना सांगतो, तमका यांच्या हाताखाली तयार झाला.

म्हणून सिनेमावाल्यांवर माझा राग आहे. १९९५ आणि १९९७च्या दोन सिनेमांत रॉबिन होता, त्यातला दुसरा फार वाईट निघाला, आणि तेव्हापासून मोठ्या पडद्याला त्या पोराची धास्ती बसली आहे. रंगीत कपडे, लहान मुलगा, गंभीर बॅटमॅनची शोभा जाईल म्हणे. २००५पासून तीन सिनेमे झाले, त्यांत शेवटी एक ओझरता उल्लेख. २०२२मध्ये पुन्हा तोच तरुण, एकटा, पावसात भिजणारा बॅटमॅन, मुखवटा चढवून जेमतेम दुसरं वर्ष चाललेला. बहुतेक दिग्दर्शक त्याला पुन्हा सुरुवातीला नेऊन ठेवतात आणि दुःखाच्या त्याच खड्ड्यात उभा करतात. तो दिसायला भारी दिसतो, हे मान्य. पण या माणसाला गेल्या ऐंशी वर्षांत चार-पाच पोरांनी घडवलंय. ती वगळली तर हाती उरतो तो ॲसिडच्या टाकीजवळ उभा असलेला १९३९चा माणूस, फक्त चांगल्या कॅमेऱ्यानं टिपलेला.

मला असा सिनेमा हवाय ज्यात बॅटमॅन चाळिशीचा आहे. डिक निघून गेलाय आणि फोन उचलत नाही. काचेच्या पेटीत जेसनचे कपडे आहेत. टिम सरावाला आलाय, उत्साहानं चुका करतोय, आणि बॅटमॅनचा हात वर जातो, मध्येच थांबतो, आणि तो डाव पुन्हा पहिल्यापासून दाखवतो. तेवढा एक प्रसंग नीट काढला तरी पुरे. असा सिनेमा आला तर मी मामाला घेऊन जाणार आहे. त्यानं बॅटमॅन कधी वाचला नाही, त्याला ती नावंही माहीत नाहीत. पण मोठा गडी बारक्याला खेळवतोय की दाबतोय हे त्याला पहिल्या झटापटीतच कळेल, आणि दाबत असेल तर तो थिएटरात मोठ्यानं बोलेल.